पेशीचा धडा विहारात शिकवू या

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीचा धडा असतो. आपली मुलं-मुली तो पाठ करतात. पेशीपटल, केंद्रक, तंतुकणिका अशी नावं आकृतीला बाण काढून लिहितात, पाचपैकी चार मार्क मिळवतात आणि वही बंद होते. दहावीत पेशीविभाजन येतं, तेव्हाही तसंच. त्याच घरात आई सहा-सहा महिने अंगावरून पांढरं जातंय म्हणून सोसत बसलेली असते. आजीला पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलेलं असतं आणि ते कोणाला सांगावं हे तिला कळत नसतं. वहीतली पेशी आणि आईच्या अंगातली पेशी एकच आहे, हे त्या मुलीला कोणी सांगितलेलं नसतं.

आमचं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक बुद्धविहारातल्या रविवारच्या वर्गात आणि वस्तीतल्या प्रत्येक अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी चार रविवारांचा एक पाठ घ्यावा. त्यात तीन गोष्टी एकत्र शिकवाव्यात : माणसांच्या दुःखाची खरी गोष्ट म्हणजे साहित्य, पेशीचं विज्ञान, आणि पुराव्यानिशी आपलं म्हणणं मांडण्याची कला. शाळेत हे विषय वेगवेगळ्या तासांना वेगवेगळे शिक्षक शिकवतात. दवाखान्यात मात्र माणसाला तिन्ही एकाच वेळी लागतात. आपल्याला काय होतंय ते शब्दांत सांगावं लागतं, डॉक्टर काय बोलतात ते समजावं लागतं, आणि पटलं नाही तर विचारावं लागतं. आपली माणसं, त्यातही आपल्या बायका, इथेच गप्प बसतात. केसपेपर हातात घेऊन जशा आत जातात तशाच बाहेर येतात.

हा पाठ कसा घ्यावा, ते आम्ही इथे सविस्तर मांडत आहोत.

पहिला रविवार : एका बाईची गोष्ट

सुरुवात गोष्टीने करावी. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण परकी वाटणार नाही.

हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंचा जन्म 1920 साली व्हर्जिनिया राज्यात झाला. घरचं काम तंबाखूच्या शेतातलं. पुढे नवऱ्याबरोबर त्या बाल्टिमोर शहराजवळ राहायला आल्या. पाच मुलं झाली. ओटीपोटात काहीतरी गाठीसारखं जाणवतंय, असं त्या म्हणत. 1951 च्या सुरुवातीला त्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेल्या. काळ्या लोकांसाठी तिथे वेगळे वॉर्ड होते. तपासणीत गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. रेडियमचे उपचार सुरू करताना डॉक्टरांनी त्या गाठीचा छोटा तुकडा काढला आणि प्रयोगशाळेत पाठवला. हे हेन्रिएटांना विचारलं नाही, सांगितलंही नाही. 4 ऑक्टोबर 1951 रोजी त्या वारल्या. वय 31. सर्वांत धाकटं मूल तेव्हा जेमतेम एक वर्षाचं होतं.

त्या तुकड्यातल्या पेशी मात्र मेल्या नाहीत. तोपर्यंत माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत काही दिवसांत मरून जात. या पेशी साधारण दर 24 तासांनी दुप्पट होत राहिल्या. हेन्रिएटा आणि लॅक्स या दोन नावांची पहिली अक्षरं घेऊन त्यांना 'हेला' हे नाव पडलं. साल्क यांच्या पोलिओ लसीच्या चाचणीसाठी या पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवल्या गेल्या. ते काम टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत झालं. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी कॅन्सर, विषाणू, औषधं यांच्या अभ्यासासाठी हेला पेशी वापरल्या. त्या विकत मिळू लागल्या. कंपन्या उभ्या राहिल्या.

लॅक्स कुटुंबाला यातलं काही माहीत नव्हतं. आपल्या आईच्या पेशी जिवंत आहेत हे मुलांना कळलं ते 1970 च्या दशकात, मृत्यूनंतर वीसहून अधिक वर्षांनी. आईच्या पेशींवर जगाचं औषधशास्त्र पुढे गेलं आणि मुलांकडे स्वतःच्या आजारपणासाठी आरोग्य विमा नव्हता. पुस्तकांत कित्येक वर्षं त्यांचं नावसुद्धा चुकीचं छापलं गेलं. रिबेका स्क्लूट यांचं पुस्तक 2010 मध्ये आलं, तेव्हा ही गोष्ट जगभर पोहोचली. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेन्रिएटांचा मरणोत्तर गौरव केला. 2023 मध्ये कुटुंबाने एका मोठ्या कंपनीविरुद्धच्या दाव्यात तडजोड मिळवली.

ही गोष्ट आपल्या मुलांना का सांगायची? बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतल्या साम्याकडे लक्ष वेधलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव डोळ्यांपुढे ठेवून. तिथला वेगळा वॉर्ड आणि इथला वेगळा पाणवठा यांचं नातं आपल्या माणसांनी फार पूर्वी ओळखलं होतं.

गोष्ट सांगून झाली की मुलांना एकच प्रश्न द्यावा आणि घरी पाठवावं : हेन्रिएटांना विचारलं असतं, तर त्या नाही म्हणाल्या असत्या का? उत्तर शिक्षकाने देऊ नये.

दुसरा रविवार : पेशी

आता विज्ञान. सूक्ष्मदर्शक असेल तर कांद्याचा पापुद्रा आयोडीन लावून दाखवावा. गालाच्या आतल्या बाजूवर दातकोरणं हळूच फिरवून स्वतःच्या पेशी बघता येतात. सूक्ष्मदर्शक नसेल तर जवळच्या शाळेतून किंवा कॉलेजातून एका दिवसासाठी मागावा. तोही मिळाला नाही तर मूठभर ज्वारी पुरेल. एक दाणा ठेवा, मग दोन, मग चार, मग आठ. रोज दुप्पट करत गेलं तर विसाव्या दुपटीला दहा लाखांवर दाणे होतात. हा हिशेब मुलांनी स्वतः करावा. बेसुमार वाढणं म्हणजे काय, हे मग त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

पुढचा मुद्दा पुस्तकात असतो, पण जोडून कोणी सांगत नाही. शरीरातली पेशी गरजेनुसार विभागते आणि थांबते. जखम भरली की तिथल्या पेशी थांबतात. विभागायचं कधी आणि थांबायचं कधी, याच्या सूचना केंद्रकातल्या गुणसूत्रांवर असतात. या सूचना बिघडल्या की पेशी थांबत नाही. तोच कॅन्सर. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात. हेला पेशींत साधारण 76 ते 80 मोजली गेली आहेत. बिघाड किती मोठा असतो, हे त्या आकड्यावरून दिसतं.

हेन्रिएटांच्या पेशी कशाने बिघडल्या होत्या, याचंही उत्तर नंतर मिळालं. 1980 च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाला हेला पेशींत एचपीव्ही या विषाणूचा 18 क्रमांकाचा प्रकार सापडला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी या विषाणूच्या काही प्रकारांमुळे होतो. या शोधासाठी त्यांना 2008 मध्ये नोबेल मिळालं आणि याच शोधावर एचपीव्हीची लस उभी राहिली.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. पुरुषाच्या अंगातही तो असतो. आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना त्याची लागण होते आणि बहुतेकांची ती आपोआप जाते. म्हणून या आजाराच्या बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवणं हे अज्ञान आहे, हेही वर्गात स्पष्ट सांगावं. काही बायकांत लागण टिकून राहते आणि साधारण 15 ते 20 वर्षांत तिचा कॅन्सर होतो. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीवर उपचार चालू नसतील, तर लवकर होतो.

आमचं मुख्य सांगणं इथेच आहे. आजाराला पंधरा वर्षं लागत असतील, तर त्याला पकडायलाही पंधरा वर्षं मिळतात. तरीही 2022 च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे 80 हजार बायका त्याने गेल्या. तपासणी साधी आहे. नर्सबाई गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर, म्हणजे सौम्य आम्ल लावतात आणि एक मिनिट थांबतात. जिथल्या पेशी बिघडू लागलेल्या असतात तिथे केंद्रकं मोठी झालेली असतात, प्रथिनं जास्त असतात, म्हणून ती जागा पांढरी पडते. भूल लागत नाही, कापावं लागत नाही. पांढरं पडलं म्हणजे कॅन्सर झालाच, असंही नाही. पुढची तपासणी लागते एवढंच. कॅन्सर होण्याआधीची जागा सापडली तर छोट्या उपचारात ती काढता किंवा गोठवता येते.

केंद्रकाची आकृती पाठ केलेल्या मुलीला ही तपासणी पाच मिनिटांत समजते. ती घरी जाऊन आईला समजावू शकते. वहीतला धडा घरी पोहोचतो तो असा.

तिसरा रविवार : आपल्या बायकांनी लिहिलेलं

तिसऱ्या रविवारी आपल्याकडे यावं. 1855 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीमाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिने त्यात मांडलं आहे. म्हणजे आपल्या समाजातल्या मुलीच्या हातून उतरलेल्या पहिल्या लेखनातच बाईच्या आरोग्याचा प्रश्न आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मध्येही बाळंतपणाचे हाल, बाळंतिणीची उपासमार आणि त्या काळचं अज्ञान आहे. 1986 साली ते पुस्तकरूपात आलं. विहाराच्या कपाटात ही पुस्तकं नसतील तर वर्गणीतून आधी ती आणावीत.

मुलांनी वाचताना दोन गोष्टी शोधाव्यात. एक, लिहिणारीने काय पाहिलं. दोन, ते सांगून ती वाचणाऱ्याकडून काय मागते. शाळकरी मुक्ता रडगाणं गात नाही. ती दाखले देते, धर्माच्या नावाने अन्याय करणाऱ्याला प्रश्न विचारते आणि वाचणाऱ्याला उत्तर द्यायला भाग पाडते. पुराव्याने पटवणं म्हणजे काय, हे शिकायला याहून जवळचा धडा नाही.

त्यानंतर मुलांना एक काम द्यावं. घरातल्या एका मोठ्या बाईला, आजी, आई, आत्या, काकू कोणीही, बाळंतपणाचा किंवा दवाखान्याचा अनुभव विचारायचा आणि एक पान लिहायचं. आधी परवानगी मागायची. "तुझं मी लिहू का? नाव घालू का? वर्गात वाचू का?" ती नाही म्हणाली तर लिहायचं नाही. हेन्रिएटांना जे कोणी विचारलं नाही, ते आपल्या मुलांनी आपल्या आजीला विचारायचं. परवानगी या शब्दाचा अर्थ मुलांना तिथे कळेल.

चौथा रविवार : म्हणणं मांडणं

वक्तृत्व आपल्याला नवीन नाही. 14 एप्रिलला प्रत्येक वस्तीत भाषणं होतात. पण बहुतेक भाषणं मोठ्या माणसाने लिहिलेली आणि मुलाने पाठ केलेली असतात. टाळ्या पडतात, पण पटवून देण्याची ताकद त्यातून येत नाही. बाबासाहेब 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे उभे राहिले तेव्हा त्यांनी समितीसमोर आकडे आणि युक्तिवाद ठेवले. आपल्या घोषणेतला 'शिका' हा शब्द तिथे कामाला लागलेला दिसतो. बुद्धांनी कालामांना सांगितलं की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखा. डॉक्टरांचं बोलणंही पारखावं लागतं, आणि पुढाऱ्याचं, शेजारणीचं, मोबाइलवर आलेलंही.

मांडणीचे चार भाग मुलांना शिकवावेत : आपलं म्हणणं, त्याचा पुरावा, समोरच्याचं सर्वांत बळकट म्हणणं आणि आपली मागणी. तिसरा भाग गाळणाऱ्याला मार्क देऊ नयेत.

वादासाठी खरा विषय मुंबईतलाच आहे. 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांतल्या बायकांची व्हिनेगरची तपासणी ठरावीक अंतराने झाली. उरलेल्या निम्म्यांना कॅन्सरची माहिती दिली गेली, तपासणी नाही. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. शिकवलेली साधी आरोग्यसेविका ही तपासणी करू शकते, हे जगाला आपल्या वस्त्यांतल्या बायकांमुळे कळलं. अभ्यासाच्या बाजूचे लोक म्हणतात की देशात तेव्हा कोणालाच नियमित तपासणी मिळत नव्हती, म्हणून कोणाचं काही काढून घेतलं नाही, आणि या पुराव्यामुळे पुढे लाखो बायकांचं भलं होऊ शकतं. टीकाकार म्हणतात की तपासणीने जीव वाचतात हे इतर देशांत आधीच दिसलं होतं, आणि दुसऱ्या गटातल्या बायकांना हे पुरेसं स्पष्ट सांगितलं गेलं नाही. दोन्ही बाजूंत वजन आहे. मुलांनी चिठ्ठी काढून बाजू घ्यावी, मध्यंतरानंतर बाजू बदलावी.

दुसरं उदाहरण बीड जिल्ह्यातलं. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं 2019 मध्ये पुढे आलं. राज्य शासनाच्या समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कितीतरी जणींना भीती घातली गेली होती की पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल. हेही पटवणंच आहे, पण त्यात पुरावा नाही. पांढरं जाण्याची बहुतेक कारणं साधी लागण असते आणि ती औषधाने बरी होते. पेशी शिकलेली मुलगी तिथे विचारेल : "कोणती तपासणी केली? रिपोर्ट कुठे आहे? औषधाने होणार नाही का?" 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे की तपासणीसाठी दिलेली संमती ही पिशवी काढण्याची संमती होत नाही. पेशंट भुलीखाली असताना, तिच्या जिवाला तातडीचा धोका नसेल तर, नातेवाइकाकडून होकार घेऊन भागत नाही. कागदावर अंगठा देण्याआधी तो वाचून घ्यायचा आपला हक्क आहे.

वर्गाचा शेवट एका अर्जाने व्हावा. खरा अर्ज, खऱ्या अधिकाऱ्याला. वस्तीतल्या 30 वर्षांपुढच्या सगळ्या बायकांची गर्भपिशवीच्या तोंडाची, स्तनांची आणि तोंडाची कॅन्सर तपासणी व्हावी. ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच, आपण उपकार मागत नाही. दिवस ठरवावा, तपासणारी बाई असावी, पडदा असावा, निकाल लेखी मिळावा आणि संशय आलेल्या बाईला पुढे कुठे पाठवणार ते सांगावं. मुलांनी मसुदा लिहावा, महिला मंडळात वाचून दाखवावा, बायकांनी दुरुस्त करावा आणि सह्या कराव्यात. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

आक्षेप आणि आमची उत्तरं

पहिला आक्षेप लाजेचा. मुलामुलींसमोर असलं बोलायचं का? शरीराचा भाग मुलींना आणि मुलांना वेगळा बसवून सांगायला हरकत नाही. आशाताईंना बोलवावं. पण मुलग्यांना बाहेर काढू नये. उद्या हाच मुलगा बायकोला दवाखान्यात घेऊन जाणार आहे, किंवा नेणार नाही. लाजेमुळे सांगायला उशीर होतो आणि उशिराने बाई जाते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अशा गोष्टी ऐकून मुलं डॉक्टरांना आणि लसींना घाबरतील. आम्हाला उलटं वाटतं. 2009-10 मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लसीचा एक प्रकल्प झाला. खम्ममच्या वसतिगृहांतल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर प्रकल्प थांबला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. पण संमती ज्या पद्धतीने घेतली त्यावर संसदीय समितीने 2013 मध्ये कडक टीका केली. इथे दोन प्रश्न आहेत. लस सुरक्षित आहे का? आणि मुलीच्या आईबापांना विचारलं का? पहिल्याचं उत्तर जगभरच्या अनुभवाने होय असं दिलं आहे. दुसऱ्याचं उत्तर तिथे नाही असं होतं. हे दोन प्रश्न वेगळे करता आले नाहीत की लोक रागाच्या भरात लसच नाकारतात, आणि नुकसान पुन्हा आपल्याच मुलींचं होतं. वाद घालायला शिकलेलं मूल ते वेगळे करू शकतं. 9 ते 14 वयाच्या मुलींना ही लस सर्वांत उपयोगी ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने भारतात बनवलेली लस 2022 मध्ये जाहीर झाली. आपल्या मुलीसाठी जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी टाळायची नाही, कारण लस विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. दहावीचं वर्ष आहे, ट्यूशन आहे, हे कशाला? पेशी, पेशीविभाजन, निबंध, पत्रलेखन हे सगळं परीक्षेत असतंच. इथे ते समजून होईल एवढाच फरक.

चौथा आक्षेप, शिकवणार कोण? वस्तीत बीएस्सीला असलेला एखादा मुलगा असतो, नर्सिंग शिकणारी मुलगी असते, निवृत्त शिक्षक असतात, आशाताई असतात. चौघांनी एकेक रविवार घ्यायचा. सगळं एकालाच यायला हवं असं नाही.

विदर्भातल्या वाचकांनी दुसऱ्या रविवारात सिकलसेल जरूर घ्यावा. तिथे हा आजार अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजात बराच आढळतो. लाल पेशी कोयत्यासारखी वाकडी होते, रक्तवाहिनीत अडकते, हातपाय असह्य दुखतात. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी रक्त तपासायचं की नाही, हा तिथल्या वर्गात वादाला उत्तम विषय आहे.

आता घरच्यांनी करायचं

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतं, माणसं जमतात. त्यातले चार रविवार या पाठाला द्या. 3 जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, वक्तृत्व स्पर्धा ठेवली तर पाठ केलेल्या भाषणाऐवजी मुलांनी स्वतः तयार केलेली मांडणी ऐका. परीक्षकांत एक आशाताई असू द्या.

पाठ सुरू होईपर्यंत थांबू नका. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काहीही असेल तर या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा. तीस वर्षं पूर्ण झाली असतील तर काही त्रास नसतानाही तपासून घ्या. जाताना आठवीतली मुलगी किंवा मुलगा बरोबर न्या, डॉक्टर जे सांगतील ते त्याला वहीत लिहू द्या, आणि समजलं नाही ते तिथेच पुन्हा विचारा.

ज्या विहारात हा पाठ होईल, तिथल्या मुलांनी लिहिलेला अर्ज आणि त्यावर आलेलं उत्तर आमच्याकडे पाठवा. ते आम्ही या पानावर छापू. उत्तर आलं नाही, तर तेही छापू.

जय भीम!